पायऱ्यांची टूर

"यात चढायला काय काय आहे?" शशिकांतनं विचारलं आणि बोटाला थुंकी लावून माहितीपत्रकाचं पान उलटलं.

टेबलापलीकडं टूर कंपनीची केतकी नावाची मुलगी बसली होती. ती हसून म्हणाली, "काहीच नाही काका. ही श्रीलंकेची आमची सगळ्यात आरामाची टूर. बस हॉटेलच्या दारापर्यंत जाते. कँडीच्या देवळात थोड्या पायऱ्या आहेत, पण सांगून ठेवलं की व्हीलचेअर मिळते. मग समुद्रकाठ, दालचिनीची बाग, कासवांची पिल्लं. वयस्कर मंडळींसाठीच बनवलीय ही."

दालचिनीची बाग म्हटल्यावर मी खुर्चीत पुढं सरकले. "मग हीच हवी आम्हाला."

शशिकांतनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "दुसरी कुठली आहे?"

सांगलीत विश्रामबागेला ते ऑफिस होतं. कोपऱ्यात प्लॅस्टिकचं नारळाचं झाड, त्यावर प्लॅस्टिकचाच पोपट, आणि खोलीभर अननसाच्या वासाचा फवारा मारलेला. तो गोड वास घशाशी चिकटून बसला होता. इतकी वर्षं झाली, कुठं अननस कापला की मला ते ऑफिस आठवतं.

शशिकांत माझा नवरा. तेव्हा मी त्याला चारचौघींसारखी 'हे' म्हणायची. आता बोलताना तोंडात नावच येतं, आणि मी ते बदलत नाही.

श्रीलंका ठरली होती अण्णांमुळं. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर, चंद्रकांत शेटे. गणपती पेठेत आमचं मसाल्याचं वडिलोपार्जित दुकान. सासरे अचानक गेले तेव्हा अण्णांनी शाळा सोडली आणि गादीवर बसले. शशिकांत कॉलेजात गेला, बँकेत लागला, मॅनेजर झाला. अण्णा हळद, मिरी, लवंगा जोखत राहिले. मुंबईहून सिलोनी दालचिनीची पोती यायची. पोतं फोडलं की अण्णा एक कांडी नाकाशी धरायचे आणि म्हणायचे, "कागदासारखी साल सोलत्यात बघ. झाड कसं असेल गं कुमुद ह्याचं?" मी लग्न होऊन आले त्या वर्षी ऐकलं होतं ते, आणि पुढंही कितीदा तरी.

मग अण्णांना झटका आला. उजवी बाजू गेली. औषधपाण्यानं ते काठी घेऊन चालायला लागले, पण उजवा हात लुळाच राहिला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलणं जड झालं. डोकं मात्र पहिल्यासारखंच लख्ख होतं. फक्त समोरच्यानं थांबून ऐकायला हवं. ओठाच्या त्या कोपऱ्यातून लाळ यायची. जेवताना घासातला थोडा भाग बाहेर यायचा, आणि अक्का, म्हणजे माझी थोरली जाऊ, मांडीवरच्या पंच्यानं तो टिपून घ्यायची.

शशिकांतची साठी जवळ आली होती. दिवाळीच्या फराळाला आम्ही सगळे अण्णांकडं जमलो होतो. माझी नणंद नलिनी, तिचे यजमान, सगळेच. तिथं शशिकांत उभा राहून म्हणाला, "या वेळी सगळ्यांनी मिळून परदेशी जायचं. आणि देश अण्णा सांगतील तो!"

अण्णांनी तोंडात शब्द जुळवले. "लंका," ते म्हणाले. "दालचिनी... बघू."

नलिनीनं डोळ्यांना पदर लावला. शशिकांतनं टाळी वाजवली. "ठरलं! लंका!"

त्यासाठीच आम्ही त्या ऑफिसात बसलो होतो.

केतकीनं दुसरं माहितीपत्रक पुढं ठेवलं. "ही जरा धाडसी टूर आहे काका. सिगिरियाचा मोठा खडक चढायचा, लोखंडी जिन्यांनी. मग श्रीपादचा डोंगर. जंगलातली एक पायवाट. तरुण लोक घेतात ही."

शशिकांतनं चष्मा सारखा केला. "यात अर्धांगवायू झालेला माणूस चालेल का?"

"छे हो काका. डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला लागतो हिला."

"म्हणजे आम्ही कितीही विनंती केली तरी?"

"कितीही केली तरी. कंपनी जबाबदारी घेत नाही."

"पक्कं?"

"एकदम पक्कं."

मला वाटलं, बरं झालं विचारलं. भावाची काळजी आहे म्हणून एवढं खोदून विचारतोय. मी आरामाच्या टूरचं पत्रक उचलून केतकीसमोर सरकवलं. तेवढ्यात शशिकांत खुर्चीत मागं रेलला. दाताचं दुखणं थांबल्यावर माणूस कसा सैल होतो, तसा.

"मग ही डोंगराचीच करा," तो म्हणाला. "आम्ही दोघं, माझी बहीण आणि मेहुणे."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. "अहो, आणि अण्णा?"

"घरी बोलू."

केतकीचा हात कीबोर्डवर थांबला. ती एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत म्हणाली, "काका, घरात पेशंट असेल तर पहिलीच बरी. मी स्वतः सगळी सोय..."

"तुम्हाला विचारलं का मी?" शशिकांत म्हणाला.

गाडीत बसल्यावर मी दार ओढून घेतलं आणि विचारलं, "हे काय केलंत?"

"काय केलं? टूर घेतली."

"अण्णांना नेता येणार नाही अशी टूर घेतली तुम्ही. बघून, विचारून घेतली."

त्यानं गाडी सुरू केली नाही. समोरच्या काचेकडं बघत, बँकेत एखाद्याचं कर्ज नामंजूर करताना बोलायचा त्या आवाजात तो बोलायला लागला. "कुमुद, तू बघतेस ना ते कसे खातात? आठ दिवस, तिन्ही त्रिकाळ, समोर बसून? दिवाळीला माझा लाडू घशात अडकला होता. मला उमासे येतात. खरं सांगतो, उमासे येतात. आणि परदेशात, परक्या लोकांसमोर! सगळे बघणार, हे कोण म्हणून."

"मग फराळाला सगळ्यांसमोर बोललात कशाला?"

"बोलायची एक पद्धत असते. मला काय माहीत ते खरंच हो म्हणतील! मला वाटलं, म्हणतील, मला कुठं नेताय, तुम्हीच जाऊन या." तो माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट आपण किती समंजस तोडगा काढला, ते मला कळावं अशी अपेक्षा होती. "मी नाही म्हणालो असतो तर त्यांचं मन दुखावलं असतं. आता कंपनी नाही म्हणतीय. कुणाचंच मन दुखत नाही."

राग आला असं म्हणता येणार नाही. रागाला अंगात जोर लागतो. माझं पोट ढवळलं. उन्हात राहिलेल्या दुधाचं भांडं उघडल्यावर होतं, तसं. मी काच खाली करून बाहेर तोंड काढलं.

वाटेत त्यानं गाडी थांबवून भडंगाचा पुडा घेतला. "अण्णांना आवडतो."

अण्णांना कोरडं काही गिळता येत नव्हतं. भडंगानं ठसका लागून त्यांना एकदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

अण्णा सोप्यात खुर्चीवर बसले होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा अर्धा हसला. दुसरा अर्धा आता हसत नसे. अक्कानं विचारलं, "ठरली का रे शशी? कधी निघायचं? ह्यांनी मला लोकरीचं काढून ठेवायला लावलंय, लंकेत थंडी नसती म्हटलं तरी ऐकंनात."

शशिकांत अण्णांच्या पायाशी, खाली जमिनीवर बसला. त्यांचा लुळा हात दोन्ही हातांत घेतला. "अण्णा," तो म्हणाला आणि थांबला. मी बघत होते. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "अण्णा, कंपनी तुम्हाला घेत नाही म्हणतीय हो. मी किती सांगून बघितलं. नियमच आहे म्हणतात. माझी साठी आणि तुम्ही नाही. मला कसं वाटावं, सांगा."

अण्णांनी डावा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. शब्द यायला वेळ लागला. "रडू... नको. तुम्ही जावा."

"तुमच्याशिवाय?"

"जावा. फोटो... काढून आणा. झाडाचा."

"हजार फोटो आणतो अण्णा!" शशिकांत म्हणाला आणि नाक पुसलं.

अक्कानं हातातला पंचा नुसताच घडी करून मांडीवर ठेवला. माझ्या घशात परत तो अननसाचा गोडसर वास आला. आपण ह्या माणसाच्या ताटात जेवलोय, ह्याच्या शेजारी निजलोय, ह्याच्या नावानं मंगळसूत्र घातलंय, असं एकेक मनात येत गेलं.

"अण्णा, दुसरी एक टूर आहे," मी म्हणाले.

"कुमुद," शशिकांत हळूच म्हणाला.

"तिला डोंगर चढायचा नाही. व्हीलचेअर मिळती. बस दारापर्यंत जाती. आणि तीत दालचिनीची बाग आहे. ह्यांच्या घाईत ते पान बघायचं राहिलं. मी बघितलंय. तुम्ही, अक्का आणि मी, असे तिघं जाऊ."

"अगं, ती मुलगी म्हणाली ना..."

"तिनंच दाखवली. म्हणाली, मी स्वतः सगळी सोय करते."

अण्णा बराच वेळ खाली बसलेल्या भावाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. "तू... येशील?"

"येणार."

"मग जाऊ."

घरी पोचून दार लावल्यावर शशिकांत म्हणाला, "सगळ्यांसमोर तोंडावर पाडलंस मला."

"पाडायचं असतं तर खरं सांगितलं असतं," मी म्हणाले.

डोंगराच्या टूरचं पुढं काहीच झालं नाही. जिन्यांचं ऐकून नलिनीनं गुडघ्यांचं कारण सांगितलं आणि तिचे यजमानही मागं सरले. शशिकांत बँकेतल्या मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आला. आम्ही तिघं फेब्रुवारीत लंकेला गेलो.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्याच सकाळी हॉटेलात नाश्त्याला आम्ही लांब टेबलावर बसलो. अण्णांनी उपम्याचा घास घेतला आणि थोडा हनुवटीवर ओघळला. आमच्याच बसमधल्या एक बाई आपली बशी उचलून दुसऱ्या टेबलावर गेल्या. मग त्यांचे यजमान गेले. मग आणखी दोघं. थोड्या वेळानं आमच्याबरोबरचा टूर मॅनेजर वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, बाकीच्यांना जरा अवघड होतंय. तुमचा नाश्ता उद्यापासून खोलीत पाठवू का?"

"पाठवा की," अक्का लगेच म्हणाली. तिनं ते इतकं पटकन म्हटलं की अशी वेळ तिच्यावर किती वेळा आली असेल ते मला कळलं.

"नको," मी म्हणाले. "ज्यांना अवघड होतंय त्यांचा पाठवा."

नाश्ता कुणाच्याच खोलीत गेला नाही. लोक लांब बसायचे. बार्शीचे एक निवृत्त मास्तर तेवढे दुसऱ्या दिवसापासून आपली बशी घेऊन आमच्यात यायला लागले. त्यांनी कधी काही विचारलं नाही. अण्णांशी मिरीच्या भावावर बोलायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे.

एकदा समुद्राकाठी अण्णा खुर्चीत डुलक्या घेत असताना अक्कानं मला विचारलं, "कुमुद, खरं सांग. तुला किळस येत नाही?"

मी खरं सांगितलं. "आली की. पहिल्या दिवशी. एकदोन घास गेले नाहीत. मग गेले."

"मला पहिला महिनाभर येत होती," अक्का म्हणाली. "चाळीस वर्षांचा संसार, आणि मला ह्यांच्या तोंडाकडं बघवंना. एक दिवस रडत रडत सांगून टाकलं ह्यांना. काय म्हणाले माहितीय? म्हणाले, मलापण येती."



दालचिनीच्या बागेत झाडं आमच्या कल्पनेपेक्षा अगदी लहान निघाली. बुंधे छाटून बारीक फांद्या वाढवलेल्या, पालवी लालसर. एक म्हातारा मांडी घालून फांदीची साल सोलत होता. अण्णांनी व्हीलचेअर अगदी जवळ न्यायला लावली. म्हाताऱ्यानं सोललेला ओला तुकडा त्यांच्या डाव्या हातात दिला. अण्णांनी तो नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग त्यांनी खुणेनं सुरी मागितली. एका हातानं सोलायला जमेना. म्हाताऱ्यानं फांदीचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून एक लांबलचक पट्टी काढली. लाळ गळत होती, अण्णांच्या शर्टावर पडत होती, आणि अण्णांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांच्या आजारानंतर असं मी पहिल्यांदा बघितलं. एरवी ओठ ओला झाला की त्यांचा डावा हात आधी तिथं जायचा.

"ओली," ते म्हणाले. "वास... वेगळाच."

परत आल्यावर शशिकांतनं आमचे फोटो बघितले आणि स्वतःच्या फोनवर घेतले. मी विचारलं नाही कशाला ते.

एप्रिलमध्ये त्याची साठी झाली. कार्यालय भरलं होतं. बँकेतली माणसं, पेठेतले व्यापारी, पाहुणे. स्टेजवर आम्ही दोघं हार घालून बसलो होतो. शेजारी मानाच्या खुर्चीवर अण्णा. पाठीमागच्या पडद्यावर फोटो यायला लागले. दालचिनीची बाग, अण्णा, हातात सुरी. शशिकांत माइक घेऊन उभा राहिला.

"माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई सांगतो," तो म्हणाला. "आमच्या अण्णांनी आमच्यासाठी शाळा सोडली. त्यांची एक इच्छा होती. लंका बघायची. लोक म्हणाले, अशा अवस्थेत कसं नेणार? मी म्हणालो, काहीही होवो, अण्णांना लंका दाखवायचीच. आणि आम्ही दाखवली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत बायका डोळे पुसत होत्या. मला ओठ घट्ट मिटून घ्यावे लागले. नाहीतर तिथंच, हाराफुलांवर, ओकारी झाली असती.

टाळ्या थांबल्यावर शशिकांतनं माइक अण्णांच्या तोंडाशी नेला. "अण्णा, दोन शब्द बोला."

अण्णांनी माइक डाव्या हातात घेतला. ओठाला टेकवला. कार्यालयात सगळे वाट बघत होते.

"मला," अण्णा म्हणाले. थांबले. "कुमुदनं नेलं."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. नवरा काय, बायको काय, एकच, असंच त्यांना वाटलं असणार. शशिकांत मोठ्यानं हसला, माइक परत घेतला. खिशातून पांढरा रुमाल काढला आणि, सगळ्यांसमोर, माइकचं डोकं पुसलं. समोरून, बाजूनं, खालून, चांगलं घासून. मग रुमालाची ओली बाजू आत घालून घडी केली आणि, बायका पर्स घेऊन बसलेल्या असतात ना, म्हणून तो रुमाल न बघताच माझ्याकडं धरला.

मी हात पुढं केला नाही. तो तसाच धरून राहिला. मग मान वळवून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि अण्णांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. अण्णा खाली मान घालून बसले होते. त्यांनी सगळं बघितलं होतं.

त्या संध्याकाळी मी अण्णा-अक्काबरोबर त्यांच्याच घरी गेले. चार दिवस राहीन म्हणाले होते. अण्णा वारले तोवर मी राहिले, आणि नंतर अक्कासोबत. माझ्या मुलानं बंगलोरहून येऊन एकदा विचारलं, आई, भांडण कशावरून झालं? मी म्हणाले, भांडण झालंच नाही. शशिकांतनंही कधी परत बोलावलं नाही. दर रविवारी फळं घेऊन यायचा, अण्णांजवळ बसायचा, त्यांच्या जेवणाची वेळ झाली की उठायचा.

परवा बाजारात पेठेतल्या एक बाई भेटल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वहिनी, शशिकांतराव म्हणजे देवमाणूस हो. परवा सांगत होते. भावाची आबाळ नको म्हणून स्वतःची बायको सेवेला पाठवली, इतकी वर्षं एकटे राहिले. कोण करतं आजकाल?"

"असं म्हणाले?" मी विचारलं.

"डोळ्यांत पाणी होतं बघा त्यांच्या," त्या म्हणाल्या.

मी पिशवी खाली ठेवली, रस्त्याच्या कडेला गेले आणि थुंकले. बाईंनी विचारलं, काय झालं, बरं वाटत नाही का? मी म्हणाले, नाही, आता वाटतंय.